‘प्रमाणित पद्धतीने स्मिअर तयार केले’ : मेथड्समधल्या एका वाक्याची झडती



पीएचडीची तयारी करणाऱ्या काहींनी विचारलं होतं, की पेपर वाचताना ‘मेथड्स’चा भाग नक्की कसा वाचायचा. बहुतेक जण तो वगळून थेट निकालांवर उडी मारतात. मीही मारायचे. म्हणून आज एकच वाक्य घेऊन बसूया. मलेरियावरच्या असंख्य पेपरांमध्ये ते थोड्याफार फरकाने सापडतं :

“बोटातून रक्त घेऊन जाड व पातळ स्मिअर प्रमाणित पद्धतीने तयार केले, गिम्साने रंगवले आणि दोन अनुभवी मायक्रोस्कोपिस्टनी ते स्वतंत्रपणे तपासले. मायक्रोस्कोपी हे गोल्ड स्टँडर्ड मानले.”

हे कुठल्या एका पेपरमधून उचललेलं नाही. अनेक पेपर वाचून डोक्यात जो साचा बसला, तो मी इथे लिहिलाय. तुम्हीही वाचला असेल आणि पुढे गेला असाल. माझी तक्रार अशी, की या वाक्यात खोटं काही नाही, पण ज्यावर सगळा निकाल उभा आहे तेच त्यात झाकलेलं आहे.

आधी माझी चूक

तक्रार करण्याआधी कबुली. माझ्या पहिल्या पावसाळी फील्डवर्कमध्ये, पूर्व विदर्भातल्या जंगलाच्या भागात, आम्ही तापाच्या रुग्णांच्या स्लाईड्स गोळा करत होतो. गाडी आठवड्यातून एकदाच यायची. मी स्लाईड्स वाळवून डब्यात भरून ठेवायचे आणि गाडीबरोबर सगळ्या एकदम लॅबमध्ये पाठवायचे. महिन्याभराने लॅबमधल्या तंत्रज्ञ सरांचा फोन आला. “ताई, जाड स्मिअरमध्ये काही दिसतच नाहीये. नुसता निळा गाळ. वाचू की फेकू?”

खरं सांगते, माझा पहिला विचार होता की यांना वाचायचा कंटाळा आलाय. स्वतः जाऊन मायक्रोस्कोपखाली पाहिलं तेव्हा कळलं, की रंगवताना फुटून जायला हव्यात त्या तांबड्या पेशी तशाच चिकटून बसल्या होत्या. पावसाळी दमट हवेत चार-पाच दिवस न रंगवता ठेवलेलं जाड स्मिअर आपोआप पक्कं होतं, म्हणजे फिक्स होतं. मग पाण्यात हिमोग्लोबिन धुऊन जात नाही आणि परजीवी त्या गर्दीत लपून जातात. दोष वाचणाऱ्याचा नव्हता, माझ्या डब्याचा होता.

आणि गंमत पाहा. तोपर्यंत पेपरचा पहिला मसुदा मी लिहून ठेवला होता आणि त्यात वरचं वाक्य जसंच्या तसं होतं. ‘प्रमाणित पद्धतीने.’ कुणीही हरकत घेतली नव्हती. म्हणून आता एकेक शब्द तपासूया.

‘बोटातून रक्त घेऊन’

सोपं वाटतं ना? बोट स्पिरिटने पुसलं आणि ते वाळायच्या आत टोचलं, की अल्कोहोल रक्तात मिसळतं आणि स्मिअर बिघडतं. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाकायचा असतो. घाईत तोच स्लाईडवर जातो. रक्त नीट येत नाही म्हणून बोट जोरात पिळलं, तर ऊतींमधलं पाणी मिसळून रक्त पातळ होतं. लहान बाळांमध्ये बोटाऐवजी टाच किंवा पायाचा अंगठा टोचतात.

काही अभ्यासांमध्ये रक्त बोटातून न घेता शिरेतून, ईडीटीएच्या ट्यूबमध्ये घेतात. कारण तेच रक्त पीसीआरला आणि इतर चाचण्यांनाही लागतं. त्यात चूक काही नाही. पण ईडीटीएमधलं रक्त तासन्‌तास तसंच राहिलं तर परजीवींचा आकार बिघडतो आणि जाती ओळखणं अवघड होतं. शिवाय अशा रक्ताचं जाड स्मिअर काचेला नीट धरत नाही, धुताना निघून येतं. म्हणून रक्त घेतल्यापासून स्मिअर करेपर्यंत किती वेळ गेला, ही माहिती महत्त्वाची. ती किती पेपरांमध्ये सापडते, हे पुढचा पेपर वाचताना स्वतःच पाहा.

अजून एक प्रश्न : रक्त कधी घेतलं? फाल्सिपेरमचे वाढलेले परजीवी आतल्या अवयवांच्या बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसतात. बोटाच्या रक्तात मुख्यतः कोवळे रिंग आणि गॅमेटोसाइट दिसतात. त्यामुळे रुग्ण आजारी असूनही एखादी स्लाईड निगेटिव्ह येऊ शकते. दवाखान्यात संशय पक्का असेल तर 12 ते 24 तासांच्या अंतराने पुन्हा स्मिअर करायला सांगतात ते याचसाठी. आपल्या पाहणीत मात्र माणसाला एकदाच टोचलेलं असतं. आणि त्याने आधीच कुठूनतरी मलेरियाची गोळी घेतली असेल, तर तो वेगळाच घोळ.

‘जाड व पातळ स्मिअर’

नवख्यांसाठी थोडक्यात. पातळ स्मिअरमध्ये पेशींचा एकच थर असतो. तो मिथेनॉलने फिक्स करतात, पेशी शाबूत राहतात आणि परजीवीची जात ओळखता येते. जाड स्मिअर फिक्स करत नाहीत. त्यातल्या तांबड्या पेशी फुटतात, थरावर थर असलेलं रक्त पारदर्शक होतं आणि कमी परजीवी असले तरी सापडतात. जाड स्मिअरची पद्धत रोनाल्ड रॉस यांनी 1903 मध्ये मांडली. म्हणजे कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यपद्धतीत मापं स्पष्ट आहेत. जाड स्मिअरला 6 मायक्रोलिटर रक्त, साधारण 12 मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ. पातळ स्मिअरला 2 मायक्रोलिटर. फील्डवर मायक्रोपिपेट कोण काढतंय! तिथे थेंबावर काम चालतं आणि थेंब प्रत्येकाचा वेगळा. म्हणून जुनी युक्ती आजही शिकवतात : ओलं जाड स्मिअर छापील कागदावर धरलं तर त्यातून अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. अजिबात दिसत नसतील तर फार जाड. ते वाळल्यावर तडकतं आणि धुताना पापुद्र्यासारखं सुटून जातं.

वाळवतानाही तेच. स्लाईड आडवी, सपाट ठेवायची, नाहीतर रक्त एका कडेला ओघळतं. उन्हात किंवा दिव्यावर धरून वाळवलं तर उष्णतेने फिक्स होतं. उघड्यावर ठेवलं तर माश्या, मुंग्या, झुरळं स्मिअर खातात. हो, अक्षरशः खातात. सकाळी स्लाईडवर नक्षी उरलेली असते. आणि दोन्ही स्मिअर एकाच स्लाईडवर असतील, जसे आपल्याकडे सर्रास असतात, तर पातळ फिक्स करताना मिथेनॉल ओघळून, किंवा नुसती त्याची वाफ लागून, जाड स्मिअरही फिक्स होतं. माझ्या डब्याने जे केलं तेच.

यातली प्रत्येक चूक एकाच दिशेने जाते, हे ध्यानात घ्या : परजीवी असूनही ‘दिसला नाही’. चुका दोन्हीकडे सारख्या झाल्या असत्या तर सरासरीत काही अंशी जिरल्या असत्या. या जिरत नाहीत.

किती फरक पडतो? थोडं गणित

डाउलिंग आणि शूट यांचा 1966 चा एक अभ्यास आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये आलेला. कमी परजीवी असलेल्या रक्ताचे जाड आणि पातळ स्मिअर त्यांनी ताडून पाहिले. जाड स्मिअर रंगवण्याच्या प्रक्रियेत 60 ते 90 टक्के परजीवी निघून जातात, असं त्यांना आढळलं. तरीही कमी परजीवी शोधायला जाड स्मिअरच सरस, कारण एका फील्डमध्ये रक्त कितीतरी जास्त असतं. पण लक्षात ठेवा, हा तोटा तज्ज्ञांच्या हातचा आहे.

आता आपण हिशोब करू. जाड स्मिअरच्या 100 फील्डमध्ये ढोबळमानाने 0.2 मायक्रोलिटर रक्त पाहिलं जातं. रुग्णाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला 10 परजीवी आहेत असं धरा. म्हणजे 100 फील्डमध्ये सरासरी 2 परजीवी दिसायला हवेत. सरासरी 2 असताना एकही न दिसण्याची शक्यता पॉइसाँच्या सूत्राने सुमारे 14 टक्के येते. चालेल.

आता समजा, स्मिअर करताना आणि धुताना 80 टक्के परजीवी गेले. सरासरी उरली 0.4. एकही न दिसण्याची शक्यता झाली 67 टक्के. म्हणजे तीनपैकी दोन पॉझिटिव्ह माणसं ‘निगेटिव्ह’. वाचणारा कितीही हुशार असला तरी.

हेच गणित दर मायक्रोलिटरला 100 परजीवी धरून करा. 80 टक्के गेले तरी सरासरी 4 उरते आणि चुकण्याची शक्यता 2 टक्क्यांच्या आत येते. म्हणजे जिथे मलेरिया भरपूर आहे, रुग्ण तापाने फणफणलेले आहेत, तिथे वाईट स्मिअर खपून जातं. जिथे मलेरिया कमी होत आलाय, जिथे उरलेसुरले रुग्ण शोधून काढायचे आहेत, नेमकं तिथेच ते दगा देतं. निर्मूलनाच्या गप्पा मारणाऱ्या पेपरांमध्ये हा मुद्दा सगळ्यात आधी यायला हवा, आणि तिथेही तेच एक वाक्य भेटतं.

‘गिम्साने रंगवले’

गिम्सा किती टक्के? किती वेळ? पीएच किती? सावकाश पद्धतीत 3 टक्के द्रावण 30 ते 45 मिनिटं ठेवतात, झटपट पद्धतीत 10 टक्के द्रावण 10 मिनिटांच्या आसपास. बफर 7.2 पीएचचा. पाणी आम्लधर्मी झालं की सगळं गुलाबी दिसतं आणि व्हायव्हॅक्सच्या पेशींवरचे शफनरचे ठिपके नीट उमटत नाहीत. ते ठिपके दिसले नाहीत तर जात ओळखण्याचा एक मोठा पुरावा गेला. उघड्या बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटरसुद्धा हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून आम्लधर्मी होतं. ‘डिस्टिल्ड वापरलं होतं हो’ हे उत्तर पुरेसं नाही.

भारतात याला आणखी एक पदर आहे. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात वर्षानुवर्षं जेएसबी हा रंग चालत आलाय. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी तो 1940 च्या दशकात तयार केला. स्वस्त, झटपट, रोज ढीगभर स्लाईड्स असतील तर फार सोयीचा. त्यात जाड स्मिअर रंगवण्याआधी पाण्यात बुडवून हिमोग्लोबिन काढण्याची वेगळी पायरी असते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या स्लाईड्स आणि संशोधन संस्थेच्या स्लाईड्स एकत्र करून विश्लेषण केलं असेल, तर कुठल्या कुठल्या रंगाने रंगवल्या, हे विचारा.

‘दोन अनुभवी मायक्रोस्कोपिस्टनी’

मला सगळ्यात फसवा वाटतो तो हा भाग. दोघांनी स्वतंत्रपणे वाचलं, कप्पा काढला, कप्पा छान आला, तक्ता तयार. वाचणाऱ्यालाही बरं वाटतं. पण दोघांनी वाचली ती एकच स्लाईड. त्या स्लाईडवरून परजीवी आधीच धुऊन गेले असतील तर दोघंही प्रामाणिकपणे ‘निगेटिव्ह’ म्हणतील आणि कप्पा उत्कृष्ट येईल. कप्पा वाचनातला मेळ मोजतो, स्मिअरचा दर्जा नाही. माझ्या पहिल्या खेपेतल्या त्या निळ्या गाळाच्या स्लाईड्सवरसुद्धा दोघांचं एकमत झालंच असतं.

उपाय अवघड नाही. काही रुग्णांच्या बाबतीत एकाच टोचणीतून दोन स्लाईड्स करा, वेगवेगळे क्रमांक द्या आणि वाचणाऱ्यांना न सांगता मिसळून टाका. दोन स्लाईड्सच्या निकालांमध्ये जो फरक येईल त्यात स्मिअर तयार करण्यातला फरकही येतो. नुसत्या दुसऱ्या वाचकाने तो कधीच दिसणार नाही.

मोजणीबद्दलही एक शब्द. जाड स्मिअरवर परजीवी मोजताना आपण पांढऱ्या पेशींच्या प्रमाणात मोजतो आणि दर मायक्रोलिटरला 8000 पांढऱ्या पेशी आहेत असं धरून गुणतो. समजा 200 पांढऱ्या पेशींमागे 40 परजीवी मिळाले, तर उत्तर 1600. त्या माणसाच्या पांढऱ्या पेशी खरं म्हणजे 5000 असतील तर उत्तर 1000 हवं. 12000 असतील तर 2400. तापाच्या रुग्णात हे दोन्ही शक्य आहे. गृहीतक धरायला हरकत नाही, पण धरलंय हे लिहा, आणि ‘1600’ला इतकं अचूक समजून त्यावर प्रतिगमनाचे इमले चढवू नका.

‘गोल्ड स्टँडर्ड मानले’

आता या सगळ्याचा खरा तोटा कुठे होतो ते पाहू. समजा, तुम्ही नव्या रॅपिड टेस्टची परीक्षा घेताय. टेस्ट पॉझिटिव्ह आली, स्लाईड निगेटिव्ह. तक्त्यात त्या रुग्णाची नोंद होते ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ आणि टेस्टची स्पेसिफिसिटी खाली येते.

पण शक्यता तीन आहेत. एक, टेस्ट खरंच चुकली. दोन, रुग्ण आधीच बरा झालाय, पण फाल्सिपेरमचं एचआरपी-2 हे प्रथिन उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहतं. तीन, परजीवी होते, स्मिअर वाईट होतं. स्मिअरच्या दर्जाची नोंदच ठेवली नसेल तर दुसरी आणि तिसरी शक्यता वेगळी करायची कशी? पेपर मात्र पहिलीच धरून पुढे जातो. तिकडे तो ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ माणूस तापात घरी गेलेला असतो. हे फक्त आकडेवारीचं भांडण नाही.

मायक्रोस्कोपीवर राग नाही

गैरसमज नको. लावेरान यांनी 1880 मध्ये अल्जीरियात पहिल्यांदा परजीवी पाहिला, तोही न रंगवलेल्या ताज्या रक्तात. तेव्हापासून आजवर मायक्रोस्कोपची जागा पूर्णपणे कुणी घेतलेली नाही. जात, अवस्था, घनता, गॅमेटोसाइट, औषध लागू पडतंय की नाही, हे सगळं एका काचपट्टीवर कळतं. काही फाल्सिपेरममध्ये एचआरपी-2 चं जनुकच गळालेलं असतं. तिथे त्या प्रथिनावर बेतलेली रॅपिड टेस्ट हुकते, चांगलं स्मिअर हुकत नाही.

माझा राग आहे तो स्मिअर करणाऱ्यांना अदृश्य करण्यावर. गावात स्लाईड करते आशाताई किंवा आरोग्य सेवक. त्यांच्यावर लक्ष्य असतं संख्येचं : वर्षाला लोकसंख्येच्या 10 टक्के रक्तनमुने, हा आपल्या कार्यक्रमातला जुना निकष. त्या आकड्यात किती स्लाईड्स वाचण्याजोग्या होत्या हे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पुस्तिका पायऱ्या उत्तम शिकवते. पण त्यातलं टेबल सपाट असतं आणि बफर ताजा असतो. भर पावसात, पडवीत, रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन बसलेल्या आईसमोर ती स्लाईड करायची असते. आणि पेपरमध्ये येतं काय? ‘दोन अनुभवी मायक्रोस्कोपिस्ट.’ स्मिअर कुणी केलं, त्यांना प्रशिक्षण दिलं होतं का, यावर एक ओळही नाही.

मग तुम्ही काय लिहाल?

तुमच्या प्रोटोकॉलमध्ये आणि नंतर पेपरमध्ये निदान एवढं असू द्या :

1. रक्त बोटातून की शिरेतून, आणि स्मिअर करेपर्यंत गेलेला वेळ.
2. स्मिअर कुणी केलं, प्रशिक्षण कधी आणि किती.
3. रक्ताचं प्रमाण मोजून की थेंबाने.
4. स्मिअर केल्यापासून रंगवेपर्यंतचा वेळ. शक्यतो 24 तासांच्या आत. हे जमणार नसेल तर फील्डवरच रंगवायची सोय करा. मी दुसऱ्या वर्षी तेच केलं.
5. रंग कुठला, किती टक्के, किती वेळ, पीएच किती.
6. निगेटिव्ह म्हणण्याआधी किती फील्ड पाहिली.
7. किती स्लाईड्स वाचण्याजोग्या नव्हत्या, आणि त्यांचं काय केलं.

सातवा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि लिहायला सगळ्यात जड. वाचता न आलेली स्लाईड ‘निगेटिव्ह’मध्ये ढकलणं फार सोपं असतं. तसं करू नका. तिला तिचा वेगळा रकाना द्या.

माझ्या पहिल्या पावसाळ्यातल्या स्लाईड्सचं काय झालं, हे विचारलं जाईलच. त्या विश्लेषणातून काढल्या. गाईडसमोर बसून ते सांगताना घशाला कोरड पडली होती. मॅडम थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “काढल्यास हे ठीक. का काढल्या तेही लिही.” मेथड्स दीड पानांनी वाढलं, सॅम्पल साइज कमी झाला. आणि तंत्रज्ञ सरांना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले, “ताई, पुढच्या वेळी डबा नका भरू, मला बोलवा. मी येतो रंगवायला.” दुसऱ्या वर्षी ते आले.

पुढचा पेपर वाचायला घ्याल तेव्हा एक करून पाहा. ‘प्रमाणित पद्धतीने’ या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा आणि वरच्या सातपैकी किती प्रश्नांची उत्तरं मिळतात ते समासात लिहा. जर्नल क्लबमध्ये बोलायला मुद्दा हवा असेल, तर हा घ्या.